लोखंड विका, पुठ्ठा ठेवा : सोलापूरच्या यंत्रमागधारकांना खुलं पत्र

प्रति,
सर्व यंत्रमागधारक,
पूर्व भाग आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

विषय : जुनी जकार्डं (मागावर बसवलेली नक्षी विणायची यंत्रं) भंगारात काढण्याआधी करायची एक गोष्ट

मालक, स.न.वि.वि.

जुने माग का काढता, असा जाब विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. विजेचं बिल, सुताचा भाव, न मिळणारे कामगार, पानिपतचा स्वस्त माल, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रेपियर (बिनधोट्याचे नवे माग) येणार, इलेक्ट्रॉनिक जकार्ड येणार, टॉवेलचं काम वाढणार. शेड तेवढीच आहे, म्हणजे जुनं बाहेर जाणार. जाऊ द्या की.

माझं मागणं त्याच्या जरा अलीकडचं आहे. भंगारवाला लोखंड वजनावर नेतो. पुठ्ठ्याची कार्डं रद्दीत जातात. हार्नेसच्या, म्हणजे जकार्ड आणि धागे जोडणाऱ्या दोऱ्यांना तर गिऱ्हाईकच नाही, त्या कापून कोपऱ्यात फेकल्या जातात. यंत्र मोडताना जे विकलं जातं ते लोखंड, आणि जे फुकट जातं ते त्या यंत्राचं डोकं. मला त्या डोक्याबद्दल बोलायचं आहे.

जकार्ड कसं चालतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण तुमची मुलं पुण्यात कॉम्प्युटरवर बसतात, त्यांच्यापैकी कितीजण कधी मागावरच्या माचीवर चढून बघतात? म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. वर आडव्या सुयांची रांग असते, आणि प्रत्येक सुईत एक उभा हूक अडकवलेला असतो. समोर पुठ्ठ्याचं कार्ड येऊन टेकतं. जिथं भोक आहे तिथं सुई आरपार जाते, हूक जागेवर राहतो, आणि वर जाणारी पाती त्याला उचलून नेते. हुकाला दोरी, दोरीला ताण्याचा उभा धागा, म्हणजे तो धागा उचलला जातो. जिथं भोक नाही तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हूक पातीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक आडवा धागा, एक कार्ड. लगेच पुढचं कार्ड. ४०० हुकांचं जकार्ड असेल तर एका कार्डावर ४०० वेळा ‘उचल’ किंवा ‘राहू दे’ एवढंच लिहिलेलं असतं, तिसरा शब्दच नाही. अशी हजारो कार्डं दोऱ्यानं ओवून माळ केली की त्यातून चादरीवर मयूरपंख उमटतो, आणि चादर उलटी केली की तोच मयूरपंख रंग पालटून दिसतो.

हे यंत्र आपल्याकडं कसं आलं, ही गोष्ट मोठी आहे. तिचा फ्रान्समधला भाग मात्र मला इथं मुद्दाम सांगायचा आहे, कारण माझं सगळं मागणं त्यावरच उभं आहे.

जकार्ड हे माणसाचं नाव. जोसेफ मारी जकार्ड, जन्म १७५२, लिऑन शहरातल्या रेशीम विणणाऱ्या घरातला. पण भोकांची कल्पना त्याची नव्हे. १७२५ मध्ये त्याच शहरात बासिल बुशों नावाच्या माणसानं भोकं पाडलेला कागद मागाला लावला होता. बुशोंचा बाप ऑर्गन बनवायचा, त्यामुळे ठरल्या क्रमानं वाजणारं यंत्र कसं रचतात हे पोरानं घरातच पाहिलं असणार. तीनेक वर्षांनी फाल्कों नावाच्या माणसानं अखंड कागदाऐवजी सुटी कार्डं एकमेकांना ओवली. म्हणजे आपल्या शेडमध्ये लटकते ती माळ खरी फाल्कोंची. तरीही हे यंत्र चालवायला वेगळा माणूस लागायचाच.

मग वोकांसों. हा गडी अवलिया होता. त्यानं एक यांत्रिक बदक बनवलं होतं. ते दाणे खायचं, पंख फडफडवायचं, आणि सगळं पॅरिस बघायला लोटायचं. फ्रान्सच्या राजानं त्याला रेशमाच्या कारखान्यांवर देखरेखीला नेमलं. त्यानं आणलेल्या नियमांवर लिऑनचे विणकर इतके भडकले की १७४४ मध्ये त्याला शहरातून पळ काढावा लागला. (बाहेरून आलेला साहेब विणकरांना काम शिकवायला लागला की काय होतं, हे सोलापूरला वेगळं सांगायला नको.) पुढच्याच वर्षी त्यानं असा माग बनवला की ज्यात नक्षीचे धागे आपोआप उचलले जात. माग उत्तम होता, पण कुणी घेतला नाही. १७८२ मध्ये वोकांसों गेला, जाताना आपली यंत्रं राजाला देऊन गेला. नंतर राज्यक्रांती झाली, राजाही गेला. पण १७९४ मध्ये नव्या सरकारनं पॅरिसमध्ये यंत्रं आणि अवजारं जपण्यासाठी एक संस्था काढली, तेव्हा वोकांसोंचा संग्रह तिथं आला. त्यात तो न खपलेला माग होता.

आणि १८०३ च्या सुमारास पॅरिसला आलेल्या जकार्डनं तो माग तिथं पाहिला. वोकांसोंची उचलणी आणि फाल्कोंची कार्डं त्यानं एकत्र आणली, आणि १८०४ मध्ये ज्याला आपण आज जकार्ड म्हणतो ते यंत्र पुढं आलं. १८१२ पर्यंत एकट्या फ्रान्समध्ये अशी सुमारे ११,००० यंत्रं लागली होती. तीही सुरुवातीला अडखळत चालायची. ब्रेतों नावाच्या कारागिरानं पुढच्या काही वर्षांत कार्डं सरकवण्याचा भाग दुरुस्त केला, तेव्हा ती खऱ्या अर्थानं धंद्यात उतरली. ब्रेतोंचं नाव कुणी घेत नाही. इथल्या शेडमध्ये अडलेलं जकार्ड रात्रीत चालू करून देणाऱ्या फिटरचंही कुठं घेतात?

मालक, आता एक क्षण विचार करा. कुणाच्याही उपयोगाचा नसलेला, धंद्यात बुडालेला, मालक मेलेला एक माग कुणीतरी वितळवला नाही म्हणून जकार्ड झालं. तो माग त्या दिवशी भंगारात गेला असता तर पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांनी कशावर चादरी विणल्या असत्या, देव जाणे. विणल्या असत्याच कशावर तरी, पण मयूरपंखाची चादर घराघरात गेली नसती.

लोक म्हणतात, हा सगळा इतिहास झाला, आता काय त्याचं. तर याच पुठ्ठ्याची पुढची वाट बघा. १८३९ मध्ये लिऑनमध्ये जकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला २४,००० कार्डं लागली. आपल्याकडं वॉल हँगिंगवर शिवाजी महाराज विणतात तसंच म्हणा, फक्त इतकं बारीक की लोकांना ते छापलेलं वाटे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानं ते चित्र मिळवलं, घरात लावलं. आपल्या गणिती यंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यानं जकार्डचीच कार्डं त्याआधीच योजली होती. ते यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झालं नाही. पण त्याबद्दल १८४३ मध्ये एडा लव्हलेस या गणिती बाईनं लिहिलं तेव्हा तिला तुलना सापडली ती मागाचीच : जकार्ड फुलं-पानं विणतं, तसं हे यंत्र बीजगणित विणतं.

आणि यात डॉक्टर कुठून आला ते तर ऐका. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे सैन्यातले सर्जन होते. शहराशहरांत लोक कशानं मरतात याची आकडेवारी त्यांच्याकडं यायची. हातानं मोजता मोजता माणसं थकायची. १८८० च्या अमेरिकन जनगणनेचं काम तर सात-आठ वर्षं चाललं. हे काम जकार्डसारख्या भोकांच्या कार्डांवर करता येईल, असं बिलिंग्जनी हर्मन होलरिथ या तरुण इंजिनिअरला सुचवलं. होलरिथनं यंत्र बनवलं आणि त्याची पहिली चाचणी घेतली ती बाल्टिमोर शहराच्या मृत्यूनोंदींवर. कुणी क्षयानं, कुणी कशानं, एकेका मृत्यूचं एकेक कार्ड. मग १८९० ची जनगणना त्याच यंत्रावर झाली. होलरिथची कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम पडलं. तुमच्या शेडमधला पुठ्ठा आणि तुमच्या मुलाचा लॅपटॉप एकाच घराण्यातले आहेत.

माझे वडील ग्राफच्या चौकोनांवरून कार्डं पंच करायचे. लाल चौकोन आला की दाबायचं, पांढरा आला की सोडायचं. ते स्वतःला कधी प्रोग्रामर म्हणाले नाहीत, कारण तो शब्द त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. पगारही त्या शब्दाचा नव्हता.

सोलापूर आपल्या माणसांची आठवण ठेवत नाही, असं मी म्हणणार नाही. १९१० मध्ये इथं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांचं स्मारक आपण केलं. १९३० च्या लढ्यातले चार हुतात्मेही आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. यंत्रांच्या बाबतीत मात्र आपलं काहीतरी चुकतं. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडायची की ठेवायची यावर या गावानं वर्षानुवर्षं वाद घातला, २०२३ मध्ये ती पडली तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. पूर्व भागातून रोज टेम्पो भरून माग जातात, त्यावर वाद नाही, बातमी नाही.

जुन्या मिलचंच घ्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १९४९ मध्ये बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला, आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात जे खटले झाले ते आजही देशभरातली वकिलीची पोरं परीक्षेसाठी पाठ करतात. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार. म्हणजे घटनेच्या अभ्यासात सोलापूरची मिल अमर झाली. पण दिल्लीहून एखादा विद्यार्थी आला आणि म्हणाला, त्या काळचा एक चालता साचा, म्हणजे मिलमधला माग, दाखवा, तर त्याला आपण कुठं नेणार?

लिऑनमध्ये असं नाही. विणकरांच्या वस्तीत, क्रुआ-रूस टेकडीवर, जुन्या विणकरांच्या नावानं एक घर आहे. तिथं जकार्डचे माग अजून चालवून दाखवतात. त्या वस्तीतल्या घरांची छतं मुद्दाम उंच बांधलेली आहेत, कारण मागावर जकार्ड चढवलं की साधी खोली पुरत नाही. हे वाचताना मला आपल्या शेड आठवल्या नसत्या तरच नवल.

आता नेमकं मागणं.

शंभर जणांनी एकेक सुटा भाग ठेवू नका. त्यातून कोपराभर गंजलेलं लोखंड जमतं, दुसरं काही नाही. तुमच्यापैकी कुणी एकानं, किंवा चौघांनी मिळून, एक माग पूर्ण ठेवा. पूर्ण म्हणजे माग, त्यावरचं जकार्ड, हार्नेसच्या सगळ्या दोऱ्या, खालची भोकांची फळी, एका नक्षीची पहिल्यापासून शेवटपर्यंत कार्डं, त्या नक्षीचा ग्राफ, पंचिंगचं मशीन, आणि त्या कार्डांवर विणलेली एक चादर. यातली एक वस्तू गेली तर बाकीच्या मुक्या होतात. आणि कशावर कात्री चालवायची असेल तर ती दोऱ्यांवर नको, एवढं कराच. हार्नेस बांधायला कुशल माणसाला कित्येक दिवस लागतात आणि तो बांधणारी माणसं आता साठीच्या पुढं आहेत. माग उतरवण्याआधी दोऱ्यांना रांगेनं चिठ्ठ्या लावा, चारी बाजूंनी फोटो काढा, आणि माग चालू असताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या. आवाजासकट घ्या. तो आवाज पुढं कुठं मिळणार नाही.

कार्डांसाठी तर जागासुद्धा लागत नाही. मागं पांढरा दिवा ठेवून एकेका कार्डाचा फोटो काढला की भोकं स्वच्छ दिसतात. भोक म्हणजे एक, पुठ्ठा म्हणजे शून्य. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली कॉम्प्युटरची मुलं एका प्रकल्पात त्यातून मूळ नक्षी उभी करतील. तीच फाईल पुन्हा इलेक्ट्रॉनिक जकार्डावर चढवता येईल. १९८३ मध्ये पहिलं जमलेलं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, त्यानं पुठ्ठा घालवला पण तत्त्व तेच ठेवलं : उचल किंवा राहू दे. म्हणजे तुमच्या आजोबांची नक्षी तुमच्या नव्या मागावर विणली जाईल, आणि गिऱ्हाइकाला ती कुठून आली हे पुराव्यानिशी सांगता येईल. नकली सोलापुरी चादरींच्या बाजारात याचे पैसेही होतात. भौगोलिक मानांकनाचा कागद आपल्याकडं आहे, पण नक्ष्यांचं दप्तर नसेल तर आपली जुनी नक्षी कोणती हे दाखवणार कशावरून?

यंत्राबरोबर माणसांचंही लिहून ठेवा. जॉबर, फिटर, कार्डं ओवणारा, कांडी भरणाऱ्या बाया. आणि फक्त कौतुक लिहू नका, ही माझी हात जोडून विनंती. मागाचा इतिहास हा छातीचाही इतिहास आहे. कापसाच्या धुळीनं गिरणी कामगारांना जो दमा जडतो त्यात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. इंग्लंड-अमेरिकेच्या गिरण्यांत धोट्याच्या बारीक डोळ्याला ओठ लावून, श्वासानं धागा ओढून घ्यायची पद्धत होती. एकच धोटा कितीतरी तोंडांना लागायचा आणि त्यातून क्षय पसरायची भीती होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये कायदा करून ती बंद केली. म्हणून धोटा हा कापडाच्या संग्रहालयात जेवढा शोभतो तेवढाच वैद्यकीय संग्रहालयातही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या विणकरांना मोठ्यानं बोलावं लागतं, तुम्ही रोज बोलता त्यांच्याशी. ते बहिरेपणही त्या मागाचंच उत्पादन. संग्रह करायचाच तर हेही त्यात यावं.

जागेचा प्रश्न तुम्ही काढणार. महापालिकेनं संग्रहालय बांधावं, सरकारनं निधी द्यावा, मग आम्ही माग देतो. ते होईल तेव्हा होईल. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं गोळा करायला सुरुवात केली ती सरकारी इमारतीची वाट बघून नव्हे. आधी वस्तू घरात जमल्या, वाडा नंतर मिळाला. आपल्याला तर वाडाही नको. एका शेडच्या कडेला एका मागाची जागा आणि पत्र्यातून पाणी गळणार नाही एवढी काळजी पुरे. पुठ्ठ्याला ओल चालत नाही, फुगला की सुया अडतात. सुदैवानं सोलापूरच्या हवेला ओलीची सवय नाही. आपल्या उन्हाळ्याचा हा एकच उपयोग मला आजवर सापडला आहे.

महापालिकेकडं आणि विद्यापीठाकडं मी वेगळं लिहिणार आहे, त्यांची कामं वेगळी. तुमच्याकडं आधी लिहिलं, कारण माग तुमचा आहे आणि भंगारवाल्याचा फोन तुम्हालाच येतो.

शेवटी एक हिशेबाची बाब. एका मागाच्या लोखंडाचे जेवढे पैसे आले असते ते तुम्हाला सोडावे लागतील, हे मला मान्य आहे. चौघांत वाटले तर ती रक्कम दिवाळीच्या बोनसच्या मानानं काहीच नाही. पण ज्यांना तेही जड असेल त्यांनी निदान लोखंड विकून कार्डं ठेवावीत. माळ गुंडाळायची, पोत्यात घालायची, वर नक्षीचं नाव, साल आणि पंच करणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि पोतं जमिनीपासून उंच, उंदरांच्या वाटेबाहेर ठेवायचं. नाव मात्र पोत्यावर लिहिण्याआधी त्या माणसाला विचारून घ्या. काहीजण अजून आहेत, तुमच्या गल्लीतच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पूर्व भागातल्या एका कार्ड पंचरचा मुलगा, निवृत्त विज्ञान शिक्षक
सोलापूर